मालकांचा रंगीत टीव्ही

रंगीत टीव्ही असलेल्या घरात आमच्या चाळीच्या मालकांना कुणी सहसा बोलवायचं नाही. बोलावलंच, तर आधी टीव्ही बंद करून वर चादर टाकून ठेवायचे. कारण मालक चप्पल काढून आत आले की कुणी 'बसा' म्हणायच्या आत टीव्हीपाशी पोचायचे आणि रंगाचं बटण उलटं फिरवत फिरवत पार शून्यावर आणायचे. पडदा काळापांढरा झाला की मागे वळून म्हणायचे, "आता बघा. आता माणूस दिसतो. मघाशी नुसता रंग दिसत होता."

माझा भाऊ डोंबिवलीला राहायचा. त्याच्याकडे सत्यनारायण होता म्हणून मी मालकांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, घेऊन गेलेले. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि सगळे पुरुष मॅचसमोर बसले. शेवटचं षटक. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात मालक उठले, आणि अख्खं हिरवंगार मैदान राखेच्या रंगाचं झालं.

"अहो आजोबा, काय करताय!" भावाचा मेहुणा ओरडला.

"चेंडू दिसत नव्हता," मालक शांतपणे म्हणाले. "आता दिसेल."

भाऊ पुढे कित्येक वर्षं मला विचारायचा, "तुझे मालक येणार नाहीत ना?"

मी त्यांना मालक म्हणते कारण सगळी चाळ म्हणायची. कल्याणला, पश्चिमेला, त्यांची सहा खोल्यांची बैठी चाळ होती. दोन खोल्यांत ते आणि काकू, बाकीच्या चारांत आम्ही भाडेकरू. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा ते मोहन्याच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. तिथे त्यांचं काम मीटर दुरुस्त करायचं. वाफेचा दाब, भट्टीची उष्णता, पंख्याचा वेग दाखवणारे काटे. उभी हयात काटे बघण्यात गेल्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसायचा नाही. मूल तापलंय असं चाळीत कुणी म्हटलं की ते विचारायचे, "किती?" थंडी पडलीय म्हटलं तरी, "किती?" एकदा मी म्हटलं, "मालक, आज फार दमले." त्यावर "किती?" आलंच.

त्यांचा डावा हात कायम पाठीमागे असायचा. रॉकेलच्या रांगेत उभे राहिले तरी सुभेदार तपासणीला आल्यासारखे दिसायचे. मला वाटायचं ऐट असेल. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "चालू सेटमध्ये एकच हात घालायचा असतो, मुली. दोन घातलेस तर वीज एका हातानं आत येते, काळजाला भेटते आणि दुसऱ्या हातानं निघून जाते. म्हणून दुसरा मागे. आता सवयच लागली." कपडे बाराही महिने पांढरे. दुकानदारानं दुसरा रंग दाखवला तर म्हणायचे, "पांढऱ्यात फसवणूक नाही."

मासे घेण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी. खाडीकडची एक कोळीण मावशी आमच्या चाळीत टोपली घेऊन यायची. आम्ही बायका माशाचे कल्ले उघडून आतून लालभडक आहेत ना ते बघायचो. मालक कल्ल्यांना हात लावायचे नाहीत. मासा नाकाशी धरायचे, अंगठ्यानं पोट दाबायचे, डोळा निरखायचे आणि बाजूला काढायचे. मावशी मला सांगायची, "ह्यो मानूस नाकानं बगतो. ह्याला फशिवनं नाय जमायचं." भाजीला मात्र काकू त्यांना कधी पाठवायच्या नाहीत. एकदाच, काकू तापानं आडव्या होत्या तेव्हा, ते दोन किलो टोमॅटो घेऊन आले. सगळे हिरवे, दगडासारखे. चार दिवस अख्ख्या चाळीनं हिरव्या टोमॅटोची चटणी खाल्ली आणि म्हातारा विसरभोळा झालाय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चाळीतले रेडिओ आणि काळेपांढरे टीव्ही ते हौसेनं दुरुस्त करायचे. टीव्हीचं पाठचं झाकण काढून जमिनीवर मांडी घालायची, लाकडी पट्टीचं एक टोक आतल्या भागावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डॉक्टरसारखं ऐकत बसायचं. "यंत्र कधी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "आपणच पुरतं ऐकून घेत नाही." पण रंगीत सेट येऊ लागले आणि मालकांनी जाहीर केलं की रंगीतला आपण हात लावणार नाही. तत्त्व आहे. लोक पाठीमागे म्हणायचे, तत्त्व कसलं, नवीन यंत्र झेपत नाही म्हाताऱ्याला. आणि गंमत म्हणजे एक मोठा थोरला रंगीत सेट खुद्द त्यांच्या घरात होता. बंद.

तो काकूंच्या भावाचा. भाऊ जर्मनीत नोकरीला होता. कायमचा परत आला तेव्हा बहिणीसाठी तिकडचा टीव्ही घेऊन आला. कपाटाएवढी लाकडी पेटी, उचलायला चार माणसं. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण नुकतंच सुरू झालेलं. भाऊ दर रविवारी ठाण्याहून यायचा आणि बहीण-भाऊ त्यासमोर बसून चहा प्यायचे. वर्ष-दीड वर्षानं भाऊ अचानक गेला. त्यानंतर काही महिन्यांत टीव्हीही बंद पडला. मालकांनी त्याला हात लावला नाही. काकूंनी त्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला, वर पितळी समई ठेवली, आणि सात-आठ वर्षं तो तसाच राहिला. काकू कधी बोलल्या नाहीत. फक्त रोज पुसायच्या.

मग काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी एका डोळ्याची तारीख दिली. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी काकूंनी, नवऱ्याला न विचारता, ठाण्यातल्या खोपटच्या एका दुकानातून टीव्हीचा इंजिनिअर बोलावला. मला म्हणाल्या, "अगं, डोळा नवा होतोय, तर त्याला बघायला काहीतरी नको का?"

तो इंजिनिअर म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, गळ्यात टाय. त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. प्लग लावला, दोन मिनिटं थांबला, काचेवर टिचकी मारली.

"आजी, पिक्चर ट्यूब गेली. सेट डेड आहे. भंगारात द्या, नाहीतर काढा आतलं सगळं आणि मासे पाळा."

मालक कोपऱ्यात उभे होते. "मोजलंस काय?" त्यांनी विचारलं.

"काय मोजायचं, काका? अनुभव आहे."

"अनुभवाला काटा कुठे असतो?"

मुलगा हसला आणि गेला. काकूंनी पदरानं पेटीवरची धूळ पुसली, रुमाल पुन्हा नीट घातला आणि भिंत चाचपत आत गेल्या. मालक बराच वेळ त्या रुमालाकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले तर समई फळीवर होती, रुमालाची घडी खाटेवर होती, आणि टीव्हीचं झाकण जमिनीवर.

काकूंचं ऑपरेशन झालं. जानेवारीचे पहिले दिवस. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आणल्या. तीन आठवडे चूल नाही, वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंनी खाटेवर पडल्या पडल्या हिशेब केला. "तीन आठवड्यांनी सव्वीस जानेवारी येते. दिल्लीचं संचलन मला बघायला मिळेल का हो, कुणाच्या तरी घरी?"

"कुणाच्या तरी कशाला?" मालक म्हणाले. "इथेच बघशील. याच्यावर."

अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनं ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. नळावर कुणीतरी त्यांना छेडलं, "काळंपांढरं ना, मालक?"

"रंगीत," मालक म्हणाले, आणि बादली घेऊन निघून गेले.

पहिले चार दिवस काय चाललं ते कुणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी त्या खोलीतून धूर आला. पट्टी बांधलेल्या काकू आतून ओरडत होत्या, "अहो, काय जळलं? तुम्ही जळलात का?" मी धावत गेले. मालक टीव्हीमागे बसलेले, डावा हात पाठीमागे, उजव्यात तारांना डाग देण्याची इस्त्री, मिशी थोडी करपलेली.

"किती जळलं?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा घाबरलेला दिसला.

त्याच दुपारी ते माझ्या दारात आले. मी घरी बसून साड्यांना फॉल-बीडिंग करायची. आमचे हे ठाण्याला सरकारी कचेरीत नोकरीला, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर मी आणि माझं शिलाई मशीन. मालकांनी तळहातावर एक बारीकसा भाग ठेवलेला, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे.

"याला रेझिस्टर म्हणतात. पट्ट्यांच्या रंगांत त्याचा आकडा लिहिलेला असतो. कुठल्या रंगाचे आहेत ते सांग जरा."

"लाल, लाल, तपकिरी."

"नक्की?"

"मालक, मी दिवसाला आठ साड्यांचे रंग जुळवते."

"म्हणजे दोनशे वीस," ते पुटपुटले आणि गेले. दहा मिनिटांनी मूठभर दाणे घेऊन परत आले. "हे?"

मी एकेक सांगत गेले आणि ते कागदावर आकडे लिहीत गेले. शेवटी मी म्हटलं, "मालक, चष्मा बदलून घ्या आता."

माझ्या खाटेवर दोन फॉल पडलेले, एक पैठणीचा, एक साध्या सुती साडीचा. त्यांनी दोन्ही उचलले. "या दोघांत फरक आहे?"

"अहो, एक लाल आहे, एक हिरवा!"

"मला नाही," मालक म्हणाले. "मला दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यापासून."

मी मशीनवरचा पाय काढला.

ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. एकोणिसाव्या वर्षी त्यांना आगगाडीचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षेत पहिले आले. मग डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं. "रांगेतल्या सगळ्या पोरांना त्यात आकडे दिसले. मला नुसते ठिपके. डॉक्टर म्हणाला, सिग्नल लाल की हिरवा ते कसं ओळखणार? मी म्हटलं, दिवा वरचा लागलाय की खालचा, त्यावरून. तो हसला. मला बाहेर पाठवलं. बाहेर सगळे विचारत होते, काय झालं, काय झालं. मी सांगितलं, उंची कमी पडली." मालक चांगले पावणेसहा फूट होते. "मग मीटरच्या कामाला लागलो. काट्याला रंग नसतो."

"म्हणून तुम्ही बटण फिरवता?"

"लोकांना रंग दिसतो तिथे मला गढूळ पाणी दिसतं. काळंपांढरं केलं की स्वच्छ होतं." मग उठता उठता म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. हिला तर नाहीच. पस्तीस वर्षं झाकलंय."

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. सकाळी आमचे हे गेले की मी फॉलचा डबा घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसायची. आधी तारा. या सेटच्या ट्यूबच्या मानेत पडद्यावर किरणांचा मारा करणाऱ्या तीन वेगवेगळ्या तोफा असतात, लाल, हिरवी आणि निळी, आणि तिघींच्या तारा वेगळ्या. मी लाल तारेला दोऱ्याची एक गाठ बांधली, हिरवीला दोन. निळीला तिसरी बांधायला गेले तर मालक दबक्या आवाजात म्हणाले, "तिला नको. निळा मला दिसतो. निळा माझ्याशी कधी खोटं वागला नाही."

खाटेवरून काकू ऐकत असायच्या. मालक एकदा दुकानातून काही सुटे भाग आणायला गेलेले असताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुला सांगितलं ना त्यांनी?"

"काय काकू?"

"लपवू नकोस. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हिरवी म्हणून लाल साडी आणली होती. मी हिरवी म्हणूनच नेसले. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं, तर वाटू दे." पट्टीखाली त्या हसत होत्या. "पण गं, हे काम होईल ना त्यांच्याच्यानं?"

मी हिरव्या तारेच्या दोन्ही गाठी पुन्हा आवळून घेतल्या.

बारा तारखेच्या आसपास मालकांनी आतले आटून गेलेले भाग बदलले, उंदरानं कुरतडलेली एक तार जोडली, आणि मला लांब उभं राहायला सांगून बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग ट्यूबच्या मानेत देवघरातल्या वातीएवढा नारिंगी उजेड दिसला. मग काचेवर हळूहळू राखाडी पहाट उगवली. मालकांनी पट्टी कानाला लावली. डोळे मिटले.

"ट्यूब जिवंत आहे," ते म्हणाले. "ऐक."

मी ऐकलं. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज. काकू खाटेवर उठून बसल्या आणि मालक ओरडले, "इकडे बघू नकोस! डॉक्टरांनी सांगितलंय!"

पण चित्र आलं तेव्हा माझा धीरच सुटला. बातम्या सांगणाऱ्या बाईला तीन नाकं होती. एक लाल, एक हिरवं, एक निळं, जरा जरा सरकलेली. ओठ तीन, कुंकवाची टिकली तीन. तिन्ही तोफांचे नेम तीन ठिकाणी लागत होते. अशा सेटमध्ये तिघींना एका रेषेवर आणायला पाठीमागे वीस-बावीस स्क्रू असतात, आणि एक फिरवला की दुसरा बिघडतो. वरचं जुळवलं की खालचं सुटायचं. "एकत्र कुटुंब आहे हे," मालक म्हणाले. "सासूला खूश केलं की जाऊ रुसते."

जुळवणी करायला सरळ रेषांचं चित्र लागतं. ते सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ यायचं, चौकटी आणि रंगीत पट्ट्या. तेवढाच वेळ रोज मिळायचा. मालक पेटीच्या मागे, पडदा पुढे, म्हणून समोर आरसा हवा होता. मी माझ्या कपाटाच्या दाराचा आरसा काढून आणला. आमच्या ह्यांनी पंधरा दिवस दाढी अंदाजानं केली.

आणि इथे मी एक नवल बघितलं. मला त्या चौकटी बघून भोवळ यायची. इतके रंग एकमेकांत घुसलेले की कुठली रेष कुठे आहे तेच कळायचं नाही. मालकांना मात्र रंगाची अडचणच नव्हती. ते एक तोफ बंद करायचे, दोनच ठेवायचे, आणि आरशात बघत केसभर, अर्धा केस असा स्क्रू फिरवायचे. त्यांना फक्त रेषा दिसत होत्या. फिकट रेष, गडद रेष, आणि दोघींमधली फट. प्रत्येक पाव वळसा ते वहीत लिहून ठेवायचे.

"तुम्ही लोक रंग बघता," एका सकाळी ते आरशातूनच मला म्हणाले, "म्हणून रेष निसटते." असं बोलताना ते सुखी दिसले. असं मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

दहाव्या सकाळी बातम्यांच्या बाईला एक नाक आलं.

तरी पांढरा उरला होता. तीन रंग नेमक्या मापात मिसळले की पांढरा होतो, आणि पांढरा चुकला की सगळेच रंग चुकतात. हे मोजायचं यंत्र मालकांकडे नव्हतं, आणि डोळा त्यांचा चालत नव्हता. त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं.

"पांढरा आहे?"

"कुठला पांढरा?"

"पांढऱ्यात प्रकार असतात?"

मी घरी जाऊन दोऱ्याचे रीळ घेऊन आले आणि त्यांच्यापुढे मांडले. दुधाळ, साईचा, मोत्याचा, चुनखडीचा, नीळ दिलेला, शिळा. मालकांनी सगळे एकेक करून हातात घेतले. आयुष्यभर ज्या रंगाचे कपडे घातले तो एकच नाही, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी समजत होतं. "मग मी घालतो तो कुठला?"

"धोब्यावर अवलंबून आहे," मी म्हटलं.

मी एक रीळ पडद्याशी धरून बसले. "गुलाबीवर गेलाय. थोडा आणखी. आता हिरवट झाला, मागे या. आता नीळ जास्त." मालक फिरवत होते. दोन सकाळी गेल्या. चोवीस तारखेला मी रीळ काचेला लावलं आणि मला दोऱ्याची कडच सापडेना. "मालक, थांबा! हात काढा!"

ते मागून उठून पुढे आले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "झाला?"

"झाला."

"नक्की?" आणि मग स्वतःच म्हणाले, "नाही, नको. तू म्हणालीस ना."

न मोजता त्यांनी दुसऱ्याचा शब्द मान्य केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे आम्ही दोघांनी मिळून बरेच रंगीत सेट दुरुस्त केले, दारावर पाटी लावून. अंबरनाथहून, टिटवाळ्याहून माणसं यायची. खोपटच्या त्या मुलानंसुद्धा अशाच जुन्या जातीचा एक सेट टेम्पोत घालून पाठवला, त्याला जमेना म्हणून. मालकांनी तो जुळवून दिला आणि सोबत आकड्यांची वही पाठवली, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'आधी मोजावे.' पण ते सगळं नंतरचं.

सव्वीस जानेवारीला सकाळी मालकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कामगिरी बघायला आलेले थोडे, फजिती बघायला आलेले जास्त. कोळीण मावशीसुद्धा टोपली अंगणात ठेवून उंबऱ्यावर बसली. काकूंना खुर्ची दिलेली. डॉक्टरांनी आदल्या दिवशी पट्टी काढून जाड चष्मा दिलेला, वर काळी काच. मालकांनी टीव्हीचं बटण दाबलं आणि बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले. पडदा तापायला वेळ लागला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "काळंपांढरंच येणार बघा."

चित्र आलं. दिल्लीचा तो रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं, आणि समोरून उंटांवरचं पथक. खोलीतून एकदम 'हाऽऽ' असा आवाज उठला. चाळीतल्या दोन घरांत नवे रंगीत सेट होते, पण असे रंग त्यांनी बघितले नव्हते. गडद, ओले वाटावे असे, आणि रेष न् रेष जागेवर. उंटांच्या पापण्या दिसत होत्या.

काकूंनी काळी काच वर केली.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग हळू आवाजात सुरू झाल्या, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. पण सांगत होत्या त्या भिंतीशी उभ्या मालकांना.

"फेटे लाल आहेत. कुंकवासारखे लाल नाहीत, पिकल्या मिरचीसारखे. तुरा पिवळा. उंटांच्या अंगावरच्या झुली हिरव्या आहेत, पोपटी नाही, आंब्याच्या जून पानासारख्या. काठ सोनेरी."

मालक भिंतीपासून पुढे आले. "तुला माहीत होतं?"

"हिरवी म्हणून लाल साडी आणलीत तेव्हापासून."

"आणि तू नेसलीस?"

"छान होती ती."

मला वाटलं आता ते बाहेर निघून जातील. ते गेले नाहीत. टीव्हीच्या शेजारी उभे राहिले, सगळ्या चाळीकडे तोंड करून, आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका रे. मला लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. म्हणूनच टोमॅटो तसे आणले होते. पण हा सेट मी दुरुस्त केला. रंग हिनं बघितले," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आणि बाकी सगळं मी केलं."

ज्यांनी नळावर टोमणे मारलेले ते पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तेवढ्यात उंबऱ्यावरून मावशी म्हणाली, "आमाला सगलं दिसतं, मालक. आमी कंचे दिवे लावले?"

खोलीत हशा पिकला. टाळ्या वाजल्या. मालक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग चित्ररथ सुरू झाले. पहिलाच मोठा, वर नाचणाऱ्या मुली. मालकांनी बोट दाखवून, कसलाही आडपडदा न ठेवता, सगळ्यांसमोर विचारलं, "त्या पोरींच्या घागऱ्यांचा रंग कुठला?"

वीस जणांनी एकदम उत्तर दिलं. "जांभळा!" "राणी कलर!" "वांगी!" "छे, डाळिंबी!" एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. दोन शेजारणी तर साडीचे पदर पुढे करून भांडायला लागल्या.

मालक सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "म्हणजे तुमचंही एकमत नाही?" त्यांनी आश्चर्यानं विचारलं. मग खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, काकूंच्या गुडघ्याला टेकून, आणि म्हणाले, "तू सांग. तू सांगशील तो खरा."

काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "थांबा. आधी मला बघू दे."